शेपट्या मोज

माझा भाचा कोलोरॅडोत राहतो आणि सुटीच्या दिवशी गार नदीत मांडीभर पाण्यात उभा राहून ट्राउट पकडतो. पकडून सोडून देतो, हे कळल्यापासून त्याच्या मामीने या विषयातून अंग काढून घेतलं आहे.

ट्राउट म्हणजे पाण्यातला पुणेकर. ज्या किड्याचा हंगाम, तोच किडा, त्याच मापाचा हवा. नाहीतर जवळ येणार, निरखणार आणि वळून जाणार. म्हणून आधी खरा किडा ओळखायचा, मग गळाला पिसं-दोरे गुंडाळून तसाच खोटा बनवायचा. इंग्रजांनी हा मासा काश्मीर-निलगिरीत आणून सोडला. सह्याद्रीचं पाणी त्याला कोमट पडतं. किडे मात्र इथेही आहेत.

डिसेंबरात भाच्याने मला टेमघरच्या वरच्या अंगाला ओढ्यात उतरवलं. दगड उलटा केला आणि खालचं एक पिल्लू चहाच्या पांढऱ्या बशीत घेतलं.

"मामा, शेपट्या मोज."

चष्मा कपाळावरून नाकावर आणला. तीन. पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले, एकसारखे फडफडणारे. ही मेफ्लाय. पाण्यात महिनोन्‌महिने काढते. पंख फुटले की फार तर एक-दोन दिवस, आणि तेही उपाशी, कारण तेव्हा खायला तोंडच धड नसतं. पंख आल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा किडा हाच. दुसऱ्या दगडाखाली दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय निघाली. तिसऱ्याला वाळूची नळकांडी चिकटलेली, कण न्‌ कण रेशमाने सांधलेला. आत कॅडिसची अळी. पूररेषेच्या आतलं मला आवडलेलं हे एकमेव बांधकाम.

परतताना, हौस म्हणून, बशी पुण्यातल्या भिडे पुलाखालच्या गाळातही बुडवली. शेपट्या मोजायचा प्रश्नच नव्हता. लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या! अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन, म्हणून प्राणवायू संपत आलेल्या पाण्यातही तग धरतात. मी ओशाळलो. भाचा मात्र खूश.

"अरे, ह्या ट्राउटला जाम आवडतात!"

रात्री त्याने मामीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा गळाला गुंडाळला. महिन्याभराने फोटो आला: हातात ठिपक्या-ठिपक्यांचा ट्राउट, ओठात आमचा दोरा.

मामीने फोटो मोठा करून पाहिला. "मासा सोडला असेल," ती म्हणाली, "पण रीळ कुठंय माझं?"