पटसंख्या एक

भंडाऱ्यात नव्या माणसाला दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'गाव कोणतं जी?' दुसरा, 'पोट्टा कोणत्या शाळेत हाये?' पहिल्याला लाखनी, पवनी, अड्याळ असं कुठलंही उत्तर चालतं. दुसऱ्याला मात्र शाळेचं नावच सांगावं लागतं. आमच्या खात रोडच्या गल्लीतल्या वहिनी हे दुसरं उत्तर 'असं बघा' या शब्दांनी सुरू करतात. विचारणारा नवखा असेल तर पिशवी खाली ठेवतो. अनुभवी असेल तर त्याला घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.

वहिनी पोराला घरीच शिकवतात. पुण्या-मुंबईत अशी बरीच माणसं आहेत, एकमेकांना भेटतात आणि धीर देतात. भंडाऱ्यात ही जात सारस पक्ष्याइतकी दुर्मीळ. सारस मोजायला दर उन्हाळ्यात माणसं तळ्यांच्या आणि बांध्यांच्या कडेने हिंडतात. वहिनींना मोजायला जिल्हा परिषदेचे गुरुजी आले होते, पण ते पुढे.

वहिनींचं वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. लग्न उशिरा झालं, पोरगा त्याहून उशिरा. बरोबरीच्या मैत्रिणी मुलीच्या लग्नाचा शालू निवडतात, तेव्हा वहिनी लसावि काढत असतात. चष्मा दोरीने गळ्यात, कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा, आणि ओट्यावर दोन डबे. एकात सासूबाईंच्या गोळ्या, वारांप्रमाणे. दुसऱ्यात पोराने प्रयोगासाठी वाढवलेली बुरशी, तारखांप्रमाणे. एका मंगळवारी या डब्यांची अदलाबदल होता होता वाचली. तेव्हापासून बुरशीच्या डब्यावर कवटीचं चित्र आहे. ते चित्र काढणं हा त्या दिवशीचा चित्रकलेचा तास होता.

हेच या जातीचं मुख्य लक्षण. घरात काहीही घडो, तो तास असतो. वीज गेली की विज्ञान. सासरच्या वाटणीचा दावा उभा राहिला की नागरिकशास्त्र. आजीची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पोरगा रोज वहीत मांडतो, त्याचा आलेख काढतो आणि दिवाळीत चकलीपाशी आलेख कसा उभा चढला ते पाहुण्यांना पट्टीने दाखवतो. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की रात्रभर दंडार पाहणं हा नाट्यशिक्षणाचा भाग ठरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपणं हा शरीरशास्त्राचा.

जुलैत वहिनी पोराला माहेरी धानाच्या रोवणीला घेऊन गेल्या. पोरगा गुडघाभर चिखलात उतरला. रोवणाऱ्या बायांनी त्याची ओळ पाहिली, त्याचे सारे पऱ्हे उपटले आणि पुन्हा त्याच्याच हातात दिले. कुठल्याही शाळेत इतक्या झटपट पेपर तपासून मिळत नाही. वहिनी बांधावर छत्री धरून वहीत टिपणं घेत होत्या, 'अनुभवातून शिक्षण, हाताचे कौशल्य.' बायांना वाटलं, ही रोजगार हमीची मस्टरवाली. एकेकीने येऊन आपलं नाव सांगितलं. एक तर म्हणाली, "कालचा खाडा नोको मांडू बाई, पोरगी बिमार होती."

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला, तोही पाहून झाला. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला पोराला एक खापर मिळालं. वहिनींनी ते सातवाहनकालीन ठरवलं. आजीने हातात घेऊन पाहिलं आणि लोणच्याच्या बरणीचं ठरवलं. घरात ते अजून दोन्ही नावांनी ओळखलं जातं.

नातेवाइकांसाठी वहिनींचा दारूगोळा तयार असतो. पहिला गोळा मुंबईच्या मालविका जोशीचा. सातवीनंतर आईने तिला शाळेतून काढलं, तिने संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने तिला दहावी-बारावीच्या कागदाशिवाय घेतलं. दुसरा गोळा ऐतिहासिक. अनंतशास्त्री डोंगरे बायकोला संस्कृत शिकवतात म्हणून लोक खवळले, तेव्हा ते गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथे 1858 मध्ये रमाबाई जन्मल्या. त्यांना आईने शिकवलं आणि विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. हा गोळा वहिनींनी गेल्या अक्षयतृतीयेला चुलतसासूंवर टाकला. चुलतसासूंनी पोळीचा घास गिळला आणि विचारलं, "मंग तुमी कोक्याच्या जंगलात काहून नाई जात जी? इथून जवळच हाये."

तिसरा गोळा कायद्याचा. शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. वहिनींचा सगळा संसार या फटीत उभा आहे. ते पान त्यांनी पिवळ्या रंगाने रंगवून फ्रिजवर लावलंय. पुढचंही ठरलेलं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ 2017 पासून आहे, आणि काहीच जमलं नाही तर आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच. भंडाऱ्यात सतरा नंबर म्हटलं की लोक एवढंच विचारतात, "कितव्यांदा नापास झाला?"

पोराला तिसरीत शाळेतून काढलं ते घंटा, रांगा, गृहपाठ आणि दप्तर यांच्यापासून त्याची सुटका करायला. पहिल्या महिन्यात पोरगा मोकळा होता. दुसऱ्या महिन्यात घरात वेळापत्रक आलं, लवचिक, म्हणजे पेन्सिलीने लिहिलेलं. मग घंटा आली. भंडाऱ्याचं पितळ नावाजलेलं, त्यात ही घंटा सासऱ्यांनी देवासाठी जड बघून घेतलेली. ती वाजली की गल्लीतले दोन निवृत्त कारकून सवयीने उठून डबा शोधतात. त्यानंतर परिपाठ आला, प्रगतिपुस्तक आलं आणि पालकसभाही आली. भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, तुमसरच्या एका तांदूळ गिरणीत हिशेब लिहितात, रात्री आठला घरी येतात. एका पालकसभेला ते जेवता जेवता झोपले. सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे, 'पालकांची उपस्थिती शंभर टक्के, प्रतिसाद असमाधानकारक.'

आता सासूबाई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. सारा वॉर्ड त्यांना बाई म्हणतो. आज त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. काल काय जेवल्या ते आठवत नाही, पण पावकी, निमकी, अडीचकी न अडखळता येते. सालेकशाला बदली झाली होती ते आठवतं, गोंदिया जिल्हा वेगळा झाला ते आठवत नाही. 1 मे 1999 ची ती वाटणी त्यांच्या लेखी झालेलीच नाही. त्यामुळे पोराचे जिल्ह्याचे नकाशे दोन. आईला दाखवायच्या नकाशात सात तालुके. आजीला दाखवायच्या नकाशात आमगाव, देवरी, सालेकसा सगळे जागच्या जागी. एकदा चुकून आईचा नकाशा आजीच्या हाती पडला. तिने लाल पेनाने शेरा मारला, 'अर्धा जिल्हा कुठे हरवलास?'

या घरशाळेचं अर्थकारणही बाईंवरच उभं आहे. वहिनींनी खासगी नोकरी सोडली, भाऊंचा पगार गिरणीच्या हंगामासारखा. पुस्तकं, दुर्बीण आणि पवनीचं भाडं निघतं ते बाईंच्या पेन्शनीतून. म्हणजे सरकारी शाळेला नको म्हणणारी ही शाळा सरकारी शाळेच्या निवृत्तिवेतनावर चालते. म्हणून नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणं ही या घरातली खरी वार्षिक परीक्षा. त्या दिवशी वहिनी बाईंना इस्त्रीचं पातळ नेसवतात, गजरा माळतात, रिक्षाने बँकेत नेतात. बाई तिथल्या साहेबाला आधी 'नीट बस' म्हणतात आणि मग जिवंत असल्याची सही करतात.

सकाळी अकराला बाई आरामखुर्चीत बसून हजेरी घेतात. हजेरीपट म्हणजे गेल्या वर्षीची दूधवाल्याची वही.

"क्रमांक एक!"

"हजर, बाई," पोरगा म्हणतो.

"क्रमांक दोन!"

"हजर, बाई," स्वयंपाकघरातून वहिनी ओरडतात. मुलाने कुणासमोर यंत्रासारखं 'हजर' म्हणू नये, यावर त्यांनी नागपुरात एकदा वीस मिनिटं भाषण केलं होतं. पण उत्तर दिलं नाही तर बाई उठून त्यांना शोधायला निघतात, आणि पडल्या तर ऑपरेशन आहे. तत्त्वापेक्षा मांडीचं हाड नाजूक.

क्रमांक तीन म्हणजे भाऊ, फक्त रविवारी. चार ते चाळीस रोज गैरहजर. बाई प्रत्येकापुढे फुली मारतात आणि सुस्कारा सोडतात, "रोवणीले गेली असतील पोरं." आमच्याकडे रोवणी जुलै-ऑगस्टची. बाईंच्या वर्गात ती बारा महिने चालते. रात्री भाऊ गिरणीचा कोंडा अंगावर घेऊन आले की बाईंना ते तपासणीला आलेले विस्तार अधिकारी वाटतात. त्या लगबगीने खुर्ची पुढे करतात. चहा हवा असेल तर भाऊंना आधी शेरेवहीत सही करावी लागते.

गेल्या पावसाळ्यात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करत गुरुजी आले. वीटभट्ट्या पाहून झाल्या होत्या, पालं पाहून झाली होती. कारणांच्या यादीत स्थलांतर होतं, मजुरी होती, भावंडं सांभाळणं होतं. 'आईचं तत्त्व' असा रकाना नव्हता. वहिनींनी 'असं बघा'पासून सुरुवात केली. गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात बाई आल्या. "उशिरा आलास. एकोणतीसचा पाढा म्हण."

गुरुजी उभे राहिले. चाळिशीचा माणूस, पण बाईंचा आवाज ऐकून उभं राहणं अंगात मुरलेलं. एकोणतीस सक चौऱ्याहत्तर शेपर्यंत, म्हणजे एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत, गाडी ठीक गेली. पुढे अडली. पोराने मागून कुजबुजून दोनशे तीन पुरवले. बाईंनी गुरुजींना बसायला सांगितलं आणि पोराला कॉपी पुरवली म्हणून कोपऱ्यात उभं केलं.

चहा पिताना गुरुजी मुद्द्यावर आले. "म्याडम, आमच्या शाळेत एकोणीस पोट्टे हायेत. वीस झाले असते तर शाळा वाचली असती, जीव खाली पडला असता. पटावर नुसतं नाव लावा जी. खिचडी खाऊन वापस."

"एकच आहे माझ्याकडे," वहिनी म्हणाल्या. "तो दिला तर माझी शाळा बंद पडेल. तुमची मुलगी घाला ना."

"ते कॉन्व्हेंटले हाये," गुरुजी म्हणाले आणि बशीत पाहू लागले.

कोपऱ्यातून पोराने विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेत रविवार असतो?"

"असतो ना बाबू."

"पूर्ण?"

या प्रश्नाला वहिनींकडे उत्तर होतं, पण ते अर्ध्या तासाचं होतं. गुरुजींनी कारणाच्या रकान्यात 'इतर' लिहिलं. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाले, "म्याडम, पोरीचं गणित कच्चं हाये. संध्याकाळी तासभर पाठवू का?"

गुरुजींची मुलगी आली. तिच्या पाठोपाठ तिची मैत्रीण, मग निवृत्त कारकुनाचे दोन नातू, मग चुलतसासूंची नात, जिच्याबरोबर निरोप होता, 'जंगलाचं मनावर घेऊ नोको.' फी वहिनी घेत नाहीत, त्यामुळे घरात तांदूळ, शिंगाडे आणि लाखोळीची डाळ येत राहते. बाईंनी हजेरीची वेळ स्वतःच संध्याकाळवर नेली. क्रमांक चारला 'हजर' ऐकू आलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "पाय धुऊन आलास का चिखलातून?"

मी परवा वहिनींना म्हटलं, "आता दारावर पाटी लावा की."

"ही शाळा नाहीये जी," वहिनी कळवळून म्हणाल्या. "मुलं सहज येतात, सहज शिकतात. शाळा म्हटलं की सगळं मरतं." एवढं बोलून त्यांनी घंटा दिली.

"मग माझ्या पुतण्यालाही पाठवतो उद्यापासून. सहजच."

वहिनींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वही उघडली. "नाही जी. यंदाचे प्रवेश झाले."