फियाटकाका आणि जास्तीचे तेरा सीसी

ठाण्यात नौपाड्याला, पुण्यात कोथरूडला, नाशकात गंगापूर रोडला, जिथे म्हणून एखाद्या जुन्या बंगल्याला पत्र्याची शेड उरली आहे, तिथे एक फियाटकाका असतात. सकाळी दहाच्या सुमारास भेटायला गेलं तर आधी दोन पाय दिसतात. बाकीचे काका गाडीखाली असतात. "आलोच!" असा आवाज येतो आणि ते येत नाहीत. पाहुणा काकूंनी दिलेला चहा पिऊन, पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडवून निघून जातो.

हे गृहस्थ बहुतेक वेळा बँकेतून निवृत्त झालेले असतात. मेकॅनिकल इंजिनिअर सहसा या वाटेला जात नाही. ज्याने जन्म कारखान्यात काढला त्याला इंजिन उघडल्यावर काय वाढून ठेवलेलं असतं ते ठाऊक असतं. तो मुकाट्याने गाडी गॅरेजला देतो. उघडून बघण्याची खरी हौस ज्याने तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांची खाती उघडून बघितली, त्याला.

गाडी वडिलांची. १९७० सालची फियाट ११०० डिलाइट, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, पुढची सीट सलग. वडिलांनी ती नंबर लावून घेतली हे काका प्रत्येकाला सांगतात आणि ऐकणारा तरुण असेल तर नंबर लावणं म्हणजे काय तेही सांगतात: पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मग शास्त्रीजींची गोष्ट येतेच. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी फियाट घ्यायची ठरवली. किंमत १२,००० रुपये, गाठीला ७,०००, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचं कर्ज काढलं. १९६६ साली ताश्कंदला शास्त्रीजी गेले आणि ते कर्ज पुढे त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट सांगताना काकांचा गळा दाटतो. त्यातलं किती शास्त्रीजींसाठी आणि किती बुडीत न गेलेल्या कर्जासाठी, हे मात्र कळत नाही.

इंजिन उघडायचं कारण निळा धूर. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, हे काकांनी कुठेतरी वाचलं होतं. गाडी तशी चालत होती. वर्षातून एकदा दसऱ्याला झेंडूची माळ घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला निळा धूर आड येत नाही. पण काकांनी बॉनेट उघडलं. "पावसाळ्याआधी होईल ना?" काकूंनी विचारलं. काका हो म्हणाले. कुठला पावसाळा, ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

आता या इंजिनाबद्दल थोडं, कारण काका ते सांगितल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. त्याचा मूळ आराखडा १९३७ सालचा. फियाटच्या ज्या बालिला ११०० गाडीत ते पहिल्यांदा आलं, तिच्या घडणीत दांते जाकोझा या इंजिनिअरचा हात होता. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. सगळं मिळून १०८९ सीसी. १९५३ साली इटलीत नव्या बांधणीची ११०० आली तीही याच मापाचं इंजिन घेऊन. ती आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. तिच्या गोलमटोल आकाराकडे बघून मराठी माणसाने तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिलं आणि तरी प्रेमात कसूर केली नाही. मग डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग १९७४ च्या सुमारास पद्मिनी. इटालियनांनी मधल्या काळात डिलाइटच्या थोरल्या बहिणीला १२२१ सीसीचं इंजिन बसवलं. कुर्ल्याने १०८९ सोडलं नाही. गाड्यांचं उत्पादन थांबलं तेव्हा २००० साल उजाडलं होतं. मुसोलिनीच्या राज्यात आखलेलं इंजिन वाजपेयींच्या राज्यापर्यंत कुर्ल्यात निघत होतं, हे वाक्य काकांचं स्वतःचं आहे आणि ते त्यांनी बऱ्याच लग्नांत वापरलं आहे.

तीन पाइपांची तिवई, चेन कुप्पी आणि वरच्या मजल्यावरचे दोन कॉलेजकुमार यांच्या मदतीने इंजिन बाहेर आलं. पुढचं काम हिशेबाचं. काकांनी एक लांबट रजिस्टर आखलं. निघालेला प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर त्यात तारखेसह जमा. सुटे भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आणि डब्यांवर चिठ्ठ्या: 'टॅपेट, सिलिंडर २, इनलेट'. श्रीखंडाचे डबे कमी पडले तेव्हा घरात श्रीखंड जास्त येऊ लागलं. ज्या वस्तू कुठल्या हे लक्षात येईना त्यांच्यासाठी एक वेगळा डबा होता आणि त्यावर काकांनी लिहिलं होतं, 'सस्पेन्स खाते'. बँकवाल्याला याची लाज वाटत नाही. सस्पेन्स खातं असतंच. ते ३१ मार्चपूर्वी मिटवायचं असतं एवढंच.

स्वयंपाकघराशी संबंध नंतर आला. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो गरम पाण्यात ठेवला की किंचित फुगतो आणि त्यातली गजन पिन अंगठ्याने सरकवता येते. ही गोष्ट शास्त्रशुद्ध आहे. पातेलं मात्र काकूंचं होतं. हेडही ॲल्युमिनियमचं, त्यात व्हॉल्व्हचं गाइड बसवायचं तर हेड तापवायचं आणि गाइड थंड करायचं, म्हणजे एक फुगतं, दुसरं आकसतं आणि दोन्ही निवल्यावर घट्ट धरून राहतात. त्यामुळे फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी आठ व्हॉल्व्ह गाइड वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. काकूंनी मटार समजून पुडी सोडली. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत आणि काकांनी पहिल्यांदाच सगळी भांडी स्वतः घासली. नंतरचे दोन रविवार व्हॉल्व्ह घासण्यात गेले: सीटवर ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ती दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. इथे काकू आपण होऊन आल्या, काठी हातात घेतली आणि काकांपेक्षा चांगल्या लयीत फिरवली. रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही.

सुटे भाग मिळवणं हा फियाटकाकांचा तीर्थाटनाचा भाग. पुण्यात असाल तर नाना पेठेतली दुकानं, बुधवारी नाही तर रविवारी जुना बाजार. तिथे नाहीच मिळालं तर मुंबई, कुर्ल्याचा सीएसटी रोड. दुकानदार आधी म्हणतो, "माल बंद झाला, साहेब." मग काकांच्या नखांतला काळेपणा बघतो, पोटमाळ्यावर पोऱ्याला चढवतो, आणि धूळ खाल्लेलं, पण मेणकागदात गुंडाळलेलं खोकं खाली येतं. त्यावर छापलेल्या किमतीकडे दोघेही बघत नाहीत. जोवर मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर तिचे भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचे. पण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत भरली. तेव्हापासून पोटमाळे रिते होत चाललेत. काकांचा गॅस्केट सेट शेवटी इटलीतून आला, व्हाया श्टुटगार्ट. तिथे नोकरीला असलेल्या मुलीने आणलेल्या बॅगेत नातेवाइकांसाठी चॉकलेटं कमी का होती, याचं उत्तर त्या सेटमध्ये आहे.

याच खेपांमध्ये काकांना उस्ताद भेटला. प्रत्येक फियाटकाकांच्या आयुष्यात एक उस्ताद असतो. सत्तरीच्या पुढचा, कुर्ल्यात किंवा नाना पेठेत ज्याची गॅरेजची जागा आता मोबाइलच्या दुकानाची झाली आहे, पण जो अजून रोज तिथेच बाकड्यावर येऊन बसतो. टॅक्सीच्या जमान्यात त्याने फूटपाथवर, बल्बच्या उजेडात, ही इंजिनं शेकड्यांनी बांधली. रात्री गाडी यायची, दुसऱ्या संध्याकाळी मीटर पडलं पाहिजे. टॅक्सीवाल्याचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाचं घर बुडालं. हाफ इंजिन, फुल इंजिन, त्याच्याकडे हे दोनच शब्द. काकांनी त्याला रजिस्टर दाखवलं. त्याने पानं उलटली, मान हलवली आणि अतिशय आदराने विचारलं, "साहेब, गाडीपण आहे ना?"

या दोघांची मैत्री बघण्यासारखी असते. काकांकडे टॉर्क रेंच, फीलर गेज, मायक्रोमीटर, बेअरिंगमध्ये चेपून फट मोजायचा प्लॅस्टिकचा दोरा. उस्तादाकडे लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. काका हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, क्रमाने, तीन हप्त्यांत कसतात, कारण पुस्तकात तसं आहे. उस्तादही मधूनच बाहेर जातो, पण का, ते त्याला विचारायचं नाही. पिस्टनच्या रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाही तर त्याच फटीतून दाब निसटतो. हे काकांनी कोनमापक घेऊन साधलं, उस्तादाने नुसतं बघितलं आणि एक रिंग बोटभर सरकवली. काकांनी पुन्हा मोजलं. उस्ताद बरोबर होता. माझं मत विचाराल तर या साऱ्या खटाटोपात काकांना सगळ्यात मोठा आनंद याच क्षणी झाला, इंजिन सुरू झालं तेव्हाही नाही.

लेथवाल्याकडे मात्र खटके उडाले. सिलिंडर अंडाकृती झिजले होते, बोअर करणं भाग होतं. लेथवाला म्हणाला, "टाकून जा, परवा या." काका स्टूल घेऊन तिथेच बसले, स्वतःच्या बोअर गेजसकट. दर थोड्या वेळाने "जरा मोजू का?" संध्याकाळी लेथवाल्याने मशीन बंद केलं आणि सांगितलं की काका उद्याही येणार असतील तर तो गावाला जाणार आहे. शेवटी काम उत्तम झालं. पिस्टन ०.४० मिलिमीटर ओव्हरसाइज बसले.

पेट्रोलवर काका ज्या तिडकीने बोलतात त्यासाठी स्वतंत्र लेख लागेल. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं. जुन्या व्हॉल्व्हच्या सीटांना त्या शिशाचा आधार होता. ते त्यांनी सोसलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम खातं. इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि काकांच्या मेहुण्याचा ऊस सांगली जिल्ह्यात. त्यामुळे दिवाळीच्या जेवणात डायफ्रॅमचा विषय काढायला काकूंनी बंदी केली आहे. मेहुणा तरी मुद्दाम विचारतोच, "मग दाजी, कशी चाललीय गाडी आमच्या उसावर?"

इंजिन सुरू झालं ते एका गुरुवारी. डेलकोमधल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, तारा एक-तीन-चार-दोन अशा क्रमाने लावायच्या. काकांनी लावल्या होत्या. चोक ओढला, किल्ली फिरवली, एक खोकला आला, सोलेक्स कार्बुरेटरने थोडं पेट्रोल थुंकलं आणि चारही सिलिंडर बोलू लागले. धूर नाही. कॉलेजकुमारांनी, म्हणजे आता नोकरीला लागलेल्या दोघांनी, व्हिडिओ काढला. उस्तादाने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, टॅपेट थोडे सैल केले आणि चहा मागितला.

काका मात्र आत जाऊन गणित करत बसले. व्यास ६८ चा ६८.४० झाला. धाव तीच. वर्ग, पाय, गुणिले चार. उत्तर आलं ११०२ सीसी. म्हणजे कंपनीने गाडीच्या पाठीवर ११०० लिहून आत १०८९ भरले होते आणि एवढ्या वर्षांनी, पत्र्याच्या शेडमध्ये, काकांनी कंपनीचा शब्द खरा केला होता. दोन दिवस ते याच आनंदात होते. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की आरसी बुकात १०८९ लिहिलं आहे.

त्यांना विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर हवा होता. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. शुल्क २०,००० रुपये, गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, आणि ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. तेरा सीसी हा मोठा फेरफार की छोटा? उस्ताद म्हणाला, तिथे सिलिंडरमध्ये वाकून कोण बघणार. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, प्लीज. काकू म्हणाल्या, नंबर बदलला तर मला जुना पाठ आहे त्याचं काय. काकांनी ५०० रुपयांचा स्टँप पेपर आणला आणि नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं की, आपल्या ताब्यातील वाहनाची सिलिंडर क्षमता झिजेच्या दुरुस्तीपोटी १३ सीसीने वाढली असून त्यात फसवणुकीचा कोणताही हेतू नाही. सोबत रजिस्टरच्या झेरॉक्स, पानांवर क्रमांक घालून, सही-शिक्क्यासह.

आरटीओतल्या कारकुनाने प्रतिज्ञापत्र सावकाश वाचलं. मग त्याने अर्ज उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "काका, ही माहिती घ्यायला आमच्याकडे रकानाच नाही."

काकांनी पिशवीतून पट्टी काढली. "मी एक आखून देऊ का?"