फुल्या, खाडे आणि २०२३

वर्ष संपत आलं की वर्तमानपत्रं सरत्या वर्षाचा आढावा घेतात. २०२३ सरताना आपणही घ्यावा म्हणून कोरा कागद पुढ्यात घेतला, तर दहा मिनिटं झाली तरी तो कोराच. शेवटी स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिजशेजारच्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं.

"ते कुठे नेताय? दुधाचा हिशेब व्हायचाय," हिचा आवाज.

आमच्या घराचा अधिकृत इतिहास त्या कॅलेंडरवर असतो. दूध घेतलं नाही की फुली. कामाच्या मावशी आल्या नाहीत की 'खा', म्हणजे खाडा. 'गॅ' म्हणजे नवा सिलिंडर लावला. देशात काय चाललंय याच्याशी कॅलेंडरला देणंघेणं नाही. पण खुणांचा माग काढत गेलं की देशही सापडतो.

मार्चच्या १८ तारखेला लिहिलंय 'ताई'. २६ ला पुन्हा 'ताई'. एप्रिलमध्ये तीनदा. १७ मार्चपासून एसटीने बायकांना अर्धं तिकीट केलं आणि माझी कराडची ताई, जी दिवाळीशिवाय डोंबिवलीला फिरकत नसे, ती कोथिंबीर स्वस्त मिळाली म्हणूनही यायला लागली. जितका प्रवास जास्त तितकी बचत जास्त, हे तिचं अर्थशास्त्र. जूनपर्यंत तिने हजारेक रुपये वाचवले होते. "भावोजींना का नाही आणलंस?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांचं पुरं पडतं रे!"

२ मे रोजी शरद पवारांनी स्वतःच्या आत्मचरित्राच्या प्रकाशन समारंभात पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. सभागृहात रडारड झाली, मनधरणी झाली आणि ५ तारखेला त्यांनी निर्णय मागे घेतला. आमच्या कॅलेंडरवर २ मेला आहे, 'मावशी काम सोडते म्हणाल्या'. ५ मेला, 'मावशी +२००'. कोणी कोणाचं पाहून केलं ते मी सांगू शकत नाही. मावशींच्या वेळी रडारड मात्र आमच्याकडेही झाली होती.

१९ मेला रिझर्व्ह बँकेने दोन हजारांची नोट मागे घेतली. मी सोफ्यावर बसून घरादाराला व्याख्यान दिलं. बायकांना पैसे दडवायची खोड असते, डाळीच्या डब्यात काय, साडीच्या घडीत काय, सगळ्या नोटा आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, वगैरे. हिने रव्याच्या डब्यातून मुकाट्याने तीन काढून दिल्या. २०१६ साली याच नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला कळते, असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शपथेवर सांगत होते. त्या चिपेवर रवा चिकटला होता.

२ जुलैच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत 'पिक्चर, गॉगल'. रविवार होता. 'बाईपण भारी देवा' लागून दोन दिवस झाले होते आणि सोसायटीतल्या अकरा जणी नऊवारी नेसून, काळे गॉगल लावून दुपारच्या खेळाला गेल्या होत्या. मी एकटा टीव्हीसमोर आणि तिकडे राजभवनावर अजितदादा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेताहेत, बरोबर आणखी आठ मंत्री! चार वर्षांपूर्वी त्यांच्या पहाटेच्या शपथविधीला सगळं घर झोपलेलं. या वेळी भरदुपारी, तर घरात कोणी नाही. हिला फोन केला, बंद. शेजारी गेलो, तर तिथले गृहस्थही एकटेच, कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलेले. संध्याकाळी ही आली तशी मी दारातच सांगितलं, "अगं, काका-पुतण्याचं फिसकटलं!" गॉगल न काढता ही म्हणाली, "आमच्या पिक्चरमधल्या सहा बहिणींचंही आधी फिसकटलेलंच असतं. कुकर लावलात का?"

२० जुलैचा चौकोन कोरा आहे. आदल्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. त्या दिवशी हिने दुधाचंसुद्धा काही लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात अधिक श्रावण लागला आणि टोमॅटो दोनशेच्या घरात गेला. जुन्नर-नारायणगावकडच्या काही शेतकऱ्यांनी म्हणे त्या महिन्यात कोटीची मजल गाठली. गाठोत बापडे, एरवी हाच टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते त्यांच्यावर. आमच्याकडे जावई धोंड्याच्या जेवणाला आले. तेहेतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, चांदीचं निरांजन, सगळं रीतसर. जावयांची नजर सारखी ताटाच्या डाव्या बाजूला. शेवटी न राहवून म्हणाले, "बाबा, ही कोशिंबीर... टोमॅटोची?" आवाज भरून आला होता. निरांजन ते विसरून गेले.

२३ ऑगस्टला 'खा' आहे, पण त्या 'खा'भोवती गोल, आणि वर हिने बॉलपेनने काढलेली चंद्रकोर. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयानाचा विक्रम चंद्रावर उतरला आणि नेमकी तीच मावशींची भांड्यांची वेळ. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हातवारे करतच. "काय सावकाश उतरला हो वहिनी! मागल्या खेपेसारखा आपटला नाही. आमचं पोरगं टीव्हीपुढे धपकन बसतं तसं नाही, बेतानं." रशियाचं यान तीन-चार दिवस आधीच आपटलं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. वर्षभरात पगारातून न कापलेला तेवढा एकच खाडा.

१५ नोव्हेंबरला भाऊबीज, अर्थात 'ताई'. आणि त्याच दिवशी वानखेडेवर न्यूझीलंडशी विश्वचषकाचा उपांत्य सामना. ताई ताम्हन घेऊन उभी, मी पाटावर, मान टीव्हीकडे. कोहलीचं पन्नासावं शतक होईपर्यंत निरांजनात दोनदा तूप घालावं लागलं. कुंकवाचा टिळा माझ्या कानशिलावर लागला. पुढे शमीने सात बळी घेतले तेव्हा मी ताईच्या ताटात आधी ठरवलेल्यापेक्षा पाचशे जास्त टाकले.

१९ नोव्हेंबर : 'दूध +२ लि., बासुंदी'. ओळीने दहा सामने जिंकल्यावर बासुंदी आधी आटवायला घेतली तर त्यात चूक काय? अंतिम सामन्यात ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा होईस्तोवर तीही आटली आणि आम्हीही. २० नोव्हेंबरला फुली. २१ लाही.

३१ डिसेंबरच्या चौकोनात लाल शाईने लिहिलं होतं, 'मेडिक्लेम भरणे'. कपाटातून फाईल काढली, मागच्या वर्षीची पावती ओढली, तर पावतीबरोबर एक गुलाबी कागद तरंगत फरशीवर पडला. दोन हजारांची नोट. अडीनडीला असावी म्हणून मीच ठेवली होती. बँकेतली शेवटची तारीख ७ ऑक्टोबरलाच गेली. आता रिझर्व्ह बँकेच्या दारात जायचं, आमच्यापासून जवळ म्हणजे बेलापूर.

मी पाय पुढे सरकवून नोट झाकली. पण ही दारातच उभी होती, हातात नवं कॅलेंडर घेऊन. काही बोलली नाही. नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं, सुट्ट्या कुठल्या ते पाहिलं आणि २ जानेवारीच्या चौकोनात सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिलं : 'ह्यांची नोट'.