घर भाड्याने देणे आहे, एक खोली सोडून

साताऱ्याचं घर बघायला आलेला माणूस दारातच विचारतो, "पाणी किती वेळ येतं?" सांगलीचं घर बघायला आलेला विचारतो, "पाणी कुठपर्यंत येतं?" माझं घर साताऱ्याच्या मंगळवार पेठेत आणि सासुरवाडी सांगलीच्या गावभागात, त्यामुळे दोन्ही उत्तरं मला पाठ आहेत.

साताऱ्याचं उत्तर सोपं. एकच वेळ येतं, पण कासचं येतं. हे 'पण कासचं' म्हणताना सातारकराची मान आपोआप ताठ होते. 1855 साली बांधलेल्या तलावाचं डोंगरावरचं पाणी नळाला येतं म्हटल्यावर ते किती वेळ येतं हे विचारणंच त्याला जरा हलकेपणाचं वाटतं. भाडेकरूला बादल्या भरायच्या असतात, त्याचा नाइलाज असतो.

सांगलीत हिशेब फुटांत चालतो. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. मेव्हण्याने जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेघा मारून ठेवल्या आहेत, खालची 2005 ची आणि वरची 2019 ची. भाडेकरूला त्या दाखवाव्यात की त्यांच्यावर कॅलेंडर टांगावं, यावरून घरात दोन पक्ष पडले. सासूबाईंनी निकाल दिला, "रेघ झाकली म्हणून कृष्णामाई वाट चुकणार आहे का?" बायको या विषयात तटस्थ नाही. कृष्णा महाबळेश्वरची, कोयना धरण पाटण तालुक्यात, म्हणजे दोन्ही सातारा जिल्ह्यात. तेव्हा माहेरच्या घरात शिरलेलं पाणी सासरच्यांनीच सोडलं, असा तिचा दावा आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पावसाळ्यात मी कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या आवाज बारीक करून ऐकतो.

मुलं पुण्या-मुंबईला गेली की मागे राहिलेल्या घराबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात, "पडून राहण्यापेक्षा वापरात राहिलेलं बरं." चार पैसे सुटतील, हे कुणी म्हणत नाही. आमच्याकडेही कुणी म्हणालं नाही. भाडं नऊ हजार ठरलं तेव्हा मात्र आई, दादा, ताई आणि मी, चौघांनीही मनातल्या मनात चारने भागलं असणार, कारण 'सव्वादोन' हा आकडा ताईच्या तोंडून अगदी सहज निघून गेला. वडिलांच्या माघारी चौघांचा वाटा सारखा, हे कायद्याने मिटवलंच आहे. त्या सव्वादोन हजारांतून घरपट्टी जाते, गळती जाते, उंदरांनी खाल्लेली वायर जाते. आयकर खातं घरभाड्यावर दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के वजावट देतं, खर्च करा वा न करा. हा नियम करणाऱ्याने कौलारू घर आतून पाहिलेलं दिसत नाही.

वडील असते तर घर भाड्याने गेलंच नसतं. त्यांच्या पिढीला भाडेकरू म्हटलं की 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आठवायचा. तेव्हाची भाडी गोठली ती गोठलीच, आणि पेठेतले कितीतरी मालक महिन्याच्या चहा-साखरेलाही न पुरणाऱ्या रकमेच्या पावत्या फाडत म्हातारे झाले. त्यापेक्षा कुलूप बरं, म्हणून चांगली चांगली घरं कुलपात राहिली. पुढे 1999 चा नवा कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि 'लिव्ह अँड लायसन्स' हे शब्द मंडईत भाजी निवडतानाही कानावर पडू लागले. करार 11 महिन्यांचा. एका वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी सक्तीची नसे, म्हणून ही अकराची युक्ती. नव्या कायद्याने करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, तोही मालकाच्या जबाबदारीवर, असं सांगून युक्तीतली हवाच काढून घेतली. तरी आमचा करार 11 महिन्यांचाच आहे. एजंटला कारण विचारलं तर म्हणाला, "काका, पद्धत आहे."

हा एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. दादाचा अंगठा उमटला, माझा उमटला, आईचा काही केल्या उमटेना. "आजी, अंगठा जरा केसांवरून फिरवा," तो म्हणाला. फिरवला. "आता पदराला पुसा." पुसला. यंत्र लाल दिवा दाखवून नाहीच म्हणत राहिलं. आई शेवटी वैतागली. "याच घराची भांडी घासून रेषा गेल्या माझ्या, आणि आता याच घराला मी ओळखू येईना होय?" एजंटला यावर काय बोलावं ते सुचलं नाही. त्याने दुसरं बोट घेतलं.

भाडेकरू जोडपं चांगलं निघालं. तो एमआयडीसीत, ती शाळेत शिक्षिका. पहिल्यांदा आईला घेऊन गेलो तर त्या मुलीने सोप्यात खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बसा ना, संकोच करू नका." आपल्याच सोप्यात संकोच न करता कसं बसायचं हे आईला जमेना. ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि नजरेने पंचनामा सुरू केला. खुंटीला हेल्मेट. पाटा परसात, त्यावर कुंडी. दिव्याच्या देवळीत वायफायचा राउटर. "तोही रात्रभर मिणमिणतो," मी समजूत घातली. चहा झाल्यावर आईने स्वतःच कपबशा उचलल्या, स्वयंपाकघरात गेली, आणि दोघींचं आत बराच वेळ काहीतरी चाललं. परतीच्या वाटेवर कळलं की मोरीचा निचरा कुठे तुंबतो आणि कळकाची काठी नेमकी कुठून घालायची, याचं प्रात्यक्षिक झालं. करारात हे कलम नव्हतं.

करारात एक कलम मात्र आम्ही आग्रहाने घातलं होतं. माजघराशेजारची खोली मालकाच्या ताब्यात राहील. भाड्याने दिलेल्या जुन्या घरांत अशी एक खोली हमखास असते, सांगलीच्या घरातही माडीवर आहे. आमच्या खोलीत तांब्याचं घंगाळ, बंब, आजीची ट्रंक, पाय गेलेला पलंग, दादाचं कॅरम आणि कसल्या तरी पावत्यांची दोन पोती आहेत. एजंटने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "खोली मोकळी केलीत तर दीड हजार जास्त मिळतील." म्हणजे दर महिन्याला दीड हजार रुपये मोजून आम्ही ते घंगाळ सांभाळतोय. सव्वादोनाचा हिशेब चटकन करणारी ताईसुद्धा हा हिशेब करत नाही.

यंदा कराराच्या नूतनीकरणाला भाडेकरूने ती खोली मागितली. त्याची आई गावाहून राहायला येणार होती. आम्ही चौघे व्हिडिओ कॉलवर बसलो. खोली रिकामी करावी यावर लगेच एकमत झालं. घंगाळ कुणी न्यायचं यावर तासभर चर्चा झाली. दादाच्या फ्लॅटला बाल्कनी नाही, ताईच्या लिफ्टमधून पलंग जात नाही, माझ्या बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही. शेवटी भाडेकरूला निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन करून म्हणालो, खोली खुशाल वापरा, भाडंही वाढवत नाही. आतलं सामान तेवढं आहे तिथे राहू द्या.

तो पलीकडे थोडा वेळ गप्प होता. मग अगदी आदबीने म्हणाला, "चालेल की काका. मग सामानाचं भाडं दर महिन्याला तुम्ही पाठवणार, का आमच्या भाड्यातनं वळतं करून घेऊ?"