दुसरा अल्बम अर्थात खोडवा

बेळगाव-खानापूर रस्त्यावरील पिरनवाडीत 'बँड' हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम वरातीतील पितळी वाद्ये उभी राहतात, आणि उच्चार किंचित घसरल्यास सीमाप्रश्नावरील १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाचा 'बंद' आठवतो. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि घसा फाडून गाणारा गायक यांचा रॉक बँड हा अर्थ तिसऱ्या क्रमांकावर येतो. तरीही पहिला अल्बम गाजवणाऱ्या बँडचा दुसरा अल्बम बहुधा फिका का पडतो, या जुन्या कोड्याचे उत्तर बेळगाव-निपाणी पट्ट्याच्या बोलीत आयते सापडते. त्या उत्तराचे नाव खोडवा.

नांगरट करून, सरी सोडून, नवे बेणे लावून घेतलेला ऊस म्हणजे लावण. ती आडसाली असल्यास तोडणीपर्यंत दीड वर्ष जाते. तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून जे पीक आपोआप फुटते तो खोडवा, ज्यात मशागतीचा व बेण्याचा खर्च वाचतो आणि त्याबरोबर शेतकऱ्याचे लक्षही वाचत असल्यामुळे उत्पादन घटते. बँडचा पहिला अल्बम ही लावण असते, कारण त्यात तारुण्यातील सगळे प्रेमभंग, नापास झालेल्या परीक्षा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी खत म्हणून पडलेल्या असतात. दुसऱ्याच्या वेळी मात्र दौरे आणि हॉटेलांच्या खोल्या एवढाच अनुभव गाठीशी असतो, आणि हॉटेलच्या खोलीवर गाणे रचणे हे पाचटाला पाणी पाजण्यासारखे आहे.

अपवाद आहेतच. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा आणि दुसरा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा. तो दौऱ्यांच्या फटींत, मिळेल त्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, आणि तरी ब्रिटन व अमेरिका या दोन्ही ठिकाणी पहिल्या क्रमांकावर गेला. उलट, स्टोन रोझेस या मँचेस्टरच्या बँडने १९८९ च्या पहिल्या अल्बमनंतर दुसऱ्याला १९९४ चा डिसेंबर उजाडवला, ज्यातला बराच काळ ध्वनिमुद्रिका कंपनीशी चाललेल्या कोर्टकज्जात गेला. सीमाप्रश्नाच्या खटल्यात तारखांवर तारखा पाहिलेल्या सीमाभागाला ही पाच वर्षे किरकोळ वाटतील.

पिरनवाडीहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो, आणि तेथील शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी हा पेच सर्वांत धूर्तपणे सोडवला. 'गोअन क्रेझी' हा १९८४ चा पहिला अल्बम त्यांनी घरीच, बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून मुद्रित केला आणि त्याच्या कॅसेटी स्कूटरवरून विकल्या; बँडमध्ये माणूस एकच असल्याने मानधनाच्या वाटणीवरून भांडण होण्याचा प्रश्नही मिटला. पुढच्याच वर्षीच्या 'ओल्ड गोअन गोल्ड' मध्ये त्यांनी गोव्याची जुनी पारंपरिक गाणी घेतली, म्हणजे स्वतःच्या बुडख्यांवर विसंबण्याऐवजी आजी-आजोबांच्या कोठारातले बेणे काढले.

मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडची नोंद याहून गुंतागुंतीची आहे. उदय बेनेगल गायक आणि महेश तिनईकर गिटारवादक असलेल्या या बँडने सुरुवातीची वर्षे परदेशी बँडांची गाणी वाजवण्यात घालवून १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची लावण केली आणि १९९० मध्ये खोडवा काढला, ज्याचे नाव 'द सेकंड कमिंग', म्हणजे दुसरे आगमन, असे होते. स्टोन रोझेसने आपल्या दुसऱ्या अल्बमला जवळपास हेच नाव चार वर्षांनी दिले, ही गोष्ट मँचेस्टरमध्ये फारशी चर्चिली जात नसावी. खोडव्यानंतरच्या पिकाला निडवा म्हणतात. परंतु निडवा न ठेवता या बँडने शेतच नांगरले, 'इंडस क्रीड' असे नाव धारण केले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढून तिसऱ्या पिकाची पहिली लावण म्हणून नोंद केली. पुढे बँड मोडला, २०१० मध्ये पुन्हा जुळला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला, जो माणसे मोजल्यास चौथा आणि उताऱ्यावरील नाव पाहिल्यास दुसरा ठरतो. सतरा वर्षे पड राहिलेल्या जमिनीतून फुटलेल्या या पिकाला खोडवा म्हणावे काय, हे ठरवणे तलाठ्याच्या अधिकाराबाहेरचे आहे.