हरितसाहेब पाहिजेत

परवा मांडव्याच्या जेट्टीवर मुंबईची एक कंपनी उतरली. भाऊच्या धक्क्यावरून, रो-रोने. माणसं १२, गाड्या ९. २०२० पासून ही बोट गाडीसकट माणसाला तासाभरात इकडे आणून सोडते आणि पेण-वडखळचा वळसा वाचतो. वाचलेलं डिझेल बंगल्याच्या दारात एसी चालू ठेवून जाळता येतं. बैठकीचा विषय: कंपनीला शाश्वततेचा मुख्य अधिकारी हवा की नको. खरं तर बोटीतच निकाल लागला असता, पण तो वेळ सीगलना वेफर्स चारण्यात गेला.

बंगल्याचा केअरटेकर आमचा भाचा, म्हणून आतलं कळलं. पाण्याच्या बाटल्यांचे ४ बॉक्स त्यानेच उतरवले. मागच्या परसात गोड्या पाण्याची विहीर आहे, पण तिला लेबल नाही.

वित्तवाले साहेब म्हणाले, "सेबीची सक्ती आहे." अर्धं खरं. बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो. सक्ती अहवालाची, साहेबाची नव्हे. मात्र त्यात एक प्रश्न आहे: या विषयाचे निर्णय घेणारा संचालक किंवा समिती आहे का? हो की नाही. हो असल्यास तपशील. तपशील म्हटला की हुद्दा आला, आणि हुद्दा आला की केबिन.

मग अधिकारांची वाटणी. खरेदीवाले म्हणाले, पुरवठादार आम्हीच ठरवणार. कारखानावाले म्हणाले, बॉयलरला हात लावायचा नाही. उरलं जूनमधलं झाड आणि त्याच्या शेजारी फोटोला उभा राहणारा माणूस.

या मंडळींना जरा धरमतर खाडीकडे न्यायला हवं होतं, शहापूर-धेरंडच्या खारेपाटात. तिथलं भात बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या, जिवावर उभं. बांधात खेकडा बीळ करतो, उधाणाचं पाणी त्यातून झिरपतं आणि बघता बघता बांध फुटतो, खांड जाते. एकदा खारं पाणी शिरलं की पुढच्या पिकाचंही खरं नाही. पूर्वी हे बांध गाव जोळ पद्धतीने राखायचं: घरटी माणूस, कमरेएवढ्या चिखलात, चिखलाचे गोळे हातोहात. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, याला प्रमुख कोण असायचा? "खांड गेली का धावायचा. त्याला पद कशाला?"

पुढे कायदे झाले, १९४८ चा, १९७९ चा. खारभूमीचं खातं आलं. बांध खात्याचा झाला, तशी जोळ विरत गेली. खांडी अजून जातात. आता धावायच्या आधी अर्ज करतात. कंपनीतही हेच होणार: साहेब नेमला की बाकीचे ११ जण मोकळे.

बैठकीचा निर्णय असा: पद निर्माण करावं, नेमणुकीचं पुढच्या बैठकीत बघावं, बैठक मांडव्यालाच घ्यावी.

संध्याकाळी भाच्याने बाटल्या गोळा केल्या. अर्धवट प्यालेल्या ७१ निघाल्या. त्यांतलं पाणी त्याने अबोलीला घातलं.