एक ते चार दुकान बंद

राजमान्य राजश्री वीकेंडचे पाहुणे यांस,

कळंगुटहून एका अर्धवट झोपेतल्या दुकानदाराचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, गेल्या रविवारी दुपारी अडीच वाजता आपण माझ्या दुकानाचं शटर बडवलंत. मी वरच्या खिडकीतून डोकावलो, तेव्हा आपण सोबतच्यांना समजावत होतात, "हेच ते सुशेगाद! इथले लोक आळशी, पण मस्त." पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला तो शब्द आपल्या टीशर्टवरही होता. म्हणून हा खुलासा.

आदल्या रात्री आपण बागाला नाचत होतात. त्या गाण्याचा ठोका आमच्या भिंतीत येतो आणि फडताळातल्या काचेच्या बशा किणकिणू लागतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही कान टोचून झाले. आम्ही तक्रारीचा फोन करतो. आवाज दहा मिनिटं खाली बसतो, दम खातो आणि पुन्हा उठतो. त्याच्याबरोबर आम्हीही.

मग पहाटे भोंगा वाजवत सायकलवरून पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, येतो. त्या दिवशी आमच्या पायरीवर चौघेजण गुडघ्यांत डोकी घालून बसले होते. भोंग्यानं एकजण दचकून उठला. माझ्या आईसाठी काढून ठेवलेल्या सहाच्या सहा पोया त्यानं विकत घेतल्या, पोदेराच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला आणि विचारलं, "यात भाजी नाही भरत?" मित्राला म्हणाला, "अस्सल गोवा रे!" आईनं पेजेवर भागवलं आणि खराटा घेऊन दारातल्या बाटलीच्या काचा लोटायला लागली. काचांवर खराट्याचा आवाज कसा येतो, हे आपण कधी ऐकलं नसेल. तेवढं जागं कुणी राहत नाही.

आता खोटं कशाला बोलू? फाटकावरची 'रूम्स अव्हेलेबल' ही पाटी माझीच, आणि त्या चौघांतले दोघे माझेच भाडेकरू निघाले. आजोबा याच किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचे दोर ओढायचे. त्यांना गर्दी ठाऊक होती ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली. नातवाला डिसेंबरचे दर तोंडपाठ आहेत. त्यामुळे आपल्यावर रागावताना माझा आवाजही दहा मिनिटांतच खाली बसतो.

एक प्रश्न मात्र आपण सगळ्यांना विचारत फिरलात : 'खरा गोवा कुठे बघायला मिळेल?' वेटरला विचारलंत, तो ओडिशाचा. टॅटूवाल्याला विचारलंत, तो मणिपूरचा. दोघांनीही मनापासून पत्ता सांगितला. माझ्याकडे आलात तेव्हा मी झोपलो होतो.

तर ३१ मे उलटला की किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात. जूनमध्ये या. समुद्रात मात्र पाऊल घालू नका, लाल बावटा असतो. खोली निम्म्या भाड्यात देईन, पोदेराला सहा पोया जास्त सांगून ठेवीन.

आपला,
एक कळंगुटकर

ता. क. पावसाळ्यातही एक ते चार दुकान बंदच असतं. शटर वाजवू नये.